दोन हजेऱ्यांची शाळा

दिवसा पोटापाण्याचे काम करणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळी भरणारी, शासनमान्य अभ्यासक्रम शिकवणारी आणि आपले विद्यार्थी दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला नियमित परीक्षार्थी म्हणून बसवणारी शाळा म्हणजे रात्रशाळा. खासगी शिकवणीवर्ग, प्रौढ साक्षरता वर्ग किंवा मुक्त विद्यालय यांच्याशी तिची गल्लत अनेकदा केली जाते. परंतु रात्रशाळेला मुख्याध्यापक असतो, वर्गशिक्षक असतात, हजेरीपट असतो, सहामाही आणि वार्षिक परीक्षा असतात, आणि शाळा सोडल्याचा दाखलाही ती इतर कोणत्याही माध्यमिक शाळेसारखाच देते. मुंबईत अशा शाळा बहुधा आठवी ते दहावीचे वर्ग चालवतात, काहींना जोडून अकरावी-बारावीचे रात्र कनिष्ठ महाविद्यालय असते, आणि संध्याकाळी साधारण साडेसहा ते साडेनऊ या वेळात त्या दुसऱ्याच एखाद्या शाळेच्या इमारतीत भरतात. दिवसाच्या शाळेच्या तुलनेत त्यांचा पट लहान, साधने तोकडी आणि समाजातली ओळख पुसट असली, तरी शहरी गरिबीशी रोज समोरासमोर व्यवहार करणारी माध्यमिक शिक्षणाची व्यवस्था म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

या शाळेचे वेगळेपण 'हजेरी' या एका शब्दावरून ध्यानात येते. शाळेत हजेरी म्हणजे वर्गातली उपस्थिती, आणि कामावर हजेरी म्हणजे ज्यावरून पगार मोजला जातो तो दिवसांचा हिशेब; कामावरची हजेरी चुकली तर त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे महिनाअखेरीस कापले जातात. रात्रशाळेच्या विद्यार्थ्याचे नाव या दोन्ही पटांवर असते. एका ठिकाणची हजेरी दुसऱ्या ठिकाणचा खाडा ठरू नये, यासाठी या शाळेने आपले वेळापत्रक, आपली शिस्त आणि शिकवण्याची रीत वळवून घेतली आहे. तिच्या जमेच्या बाजू या वळवून घेण्यातून आलेल्या आहेत, आणि तिच्या बहुतेक अडचणी तिला तरीही दिवसाच्या शाळेच्या मापाने मोजले जाते यातून आलेल्या आहेत.

भोंग्याच्या आधी आणि भोंग्यानंतर

रात्री शिकवण्याची कल्पना महाराष्ट्रात गिरण्यांच्या भोंग्याहून जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली, आणि मुंबईची पहिली कापडगिरणी प्रत्यक्ष चालू झाली ती त्यानंतर, १८५६ मध्ये. शिक्षणापासून दूर राहिलेल्यांना शाळेपर्यंत आणायचे असेल तर शाळा त्यांच्या सवडीने भरली पाहिजे, हा साधा वाटणारा पण व्यवस्थेला जड जाणारा विचार तेव्हाच मांडला गेला होता. पुढे प्रार्थना समाजाने १८७६ मध्ये मुंबईत श्रमिकांसाठी रात्रशाळा काढल्या, आणि ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रशाळा आणि वाचनालये चालवून या कामाला संघटित रूप दिले.

तथापि, शाळा काढणारे कितीही तळमळीचे असले तरी शिकणाऱ्याच्या हाती संध्याकाळ उरल्याशिवाय रात्रशाळा चालत नाही, आणि ही संध्याकाळ कामगाराला सहजासहजी मिळालेली नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली, पण सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम घेण्यास मुभा दिली. प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांना तर त्या कायद्याने मर्यादाच घातली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने झालेल्या चळवळीनंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास ही मर्यादा आली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती नऊ आणि अठ्ठेचाळीस तासांवर आणली. कामाचा दिवस जसजसा आखूड होत गेला तसतशी रात्रशाळेला जागा होत गेली, म्हणून तिचा इतिहास शिक्षणाच्या इतिहासाइतकाच कामगार चळवळीच्या इतिहासातही मोडतो.

ही गरज केवळ मराठी कामगारांची नव्हती. दक्षिण कन्नड भागातून मुंबईच्या उडुपी हॉटेलांत कपबशा विसळण्याच्या किंवा टेबले पुसण्याच्या कामाला आलेल्या मुलांसाठी त्यांच्या समाजातील मंडळींनी फोर्टसारख्या भागांत कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा चालवल्या, आणि हिंदी, उर्दू, गुजराती अशा अन्य माध्यमांतही हा प्रयोग रुजला. ज्या शहरात देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले एकटी कामाला येत होती, तिथे मातृभाषेत भरणारी रात्रीची शाळा ही शिक्षणाबरोबरच आपल्या माणसांत काही तास घालवण्याची जागाही होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या गिरणी संपानंतर हे चित्र पालटले. गिरणीच्या काळात पाळी, म्हणजे कामाची ठरलेली सत्रे, आणि भोंगा यांमुळे काम कधी सुटणार हे निश्चित असे. पाळी बदलली की शाळा बुडे हे खरे, पण ती कधी बदलणार हेही आधी कळत असे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तसे काम दुकाने, उपाहारगृहे, गॅरेज, कुरिअर, कार्यालयातली शिपाईगिरी आणि घरकाम यांत विखुरले गेले. तिथे भोंगा नाही आणि पाळीही नाही. मालक सोडेल तेव्हा काम सुटते, आणि सणासुदीला, लग्नसराईत किंवा महिनाअखेरीस ते उशिरा सुटते. आजच्या रात्रशाळेत साडेसहाला हजेरी घेताना निम्मे बाक रिकामे असतात आणि सव्वासातला वर्ग भरलेला दिसतो, त्याचे कारण या बदललेल्या कामाच्या स्वरूपात आहे.

चौदा वर्षांची सीमारेषा

सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा झाल्यावरही रात्रशाळेची गरज का उरते, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर दोन कायद्यांमधील एका आकड्यात आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा या वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. दुसरीकडे, १९८६ च्या बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक उद्योगातील मदतीसारखे मोजके अपवाद वगळता, कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी केली. परंतु चौदा ते अठरा या वयाच्या मुलांना, ज्यांना हा कायदा 'किशोरवयीन' म्हणतो, केवळ धोकादायक उद्योगांतच बंदी ठेवली. याचा अर्थ असा की ज्या वयात मोफत शिक्षणाचा हक्क संपतो, नेमक्या त्याच वयात कामाचे दार उघडते. गरीब कुटुंबातल्या मुलासाठी ही एकच सीमारेषा आहे, आणि ती ओलांडताना त्याने शाळा सोडून नोकरी धरली तर कोणत्याही कायद्याचा भंग होत नाही.

आठवी ते दहावीची रात्रशाळा बरोबर याच रेषेवर उभी आहे. तिच्याकडे येणारे सारे विद्यार्थी मात्र नुकतेच चौदा ओलांडलेले नसतात. वडील गेले किंवा अंथरुणाला खिळले म्हणून नववीतून काढून कामाला लावलेला मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी बसलेली आणि आता तीन-चार घरची धुणीभांडी करणारी मुलगी, गावी शिक्षण सुटले आणि शहरात नातेवाइकाच्या दुकानात राहून काम करणारा तरुण, लग्नानंतर काही वर्षांनी दहावी पुरी करायचे ठरवणारी स्त्री, अशी निरनिराळ्या वयांची माणसे एकाच वर्गात बसतात. त्यांपैकी अनेकांची आठवीपर्यंतची वाटचाल तुटक असते. वरच्या वर्गात गेल्याची नोंद दाखल्यावर असते, पण अपूर्णांकांची बेरीज किंवा इंग्रजी वाक्य सलग वाचणे पक्के झालेले नसते. म्हणून रात्रशाळेच्या शिक्षकाला दहावीचा अभ्यासक्रम शिकवताना पाचवी-सहावीचे राहून गेलेले धडेही त्याच तीन तासांत बसवावे लागतात.

श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत परिचित प्रयत्न म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेतील 'कमवा आणि शिका' ही योजना. तेथे विद्यार्थी संस्थेच्याच छायेत काम करतो, आणि त्याचे श्रम व त्याचा अभ्यास यांचा मेळ घालणारी व्यवस्था एकच असते. रात्रशाळेच्या विद्यार्थ्याचे काम शाळेबाहेर, अनोळखी मालकाकडे असते. त्या मालकाला शाळेशी कर्तव्य नसते आणि शाळेचा त्याच्यावर अधिकार नसतो. ही सांगड येथे विद्यार्थ्याला स्वतःच, रोज, दिवसाच्या शेवटी उरलेल्या बळावर घालावी लागते.

तीन तासांचा संसार

रात्रशाळेची दैनंदिनी जवळून पाहिली तर उसनवारी हा तिचा स्थायीभाव असल्याचे जाणवते. इमारत दिवसाच्या शाळेची किंवा महापालिकेची असते. संध्याकाळी जो वर्ग मिळतो तो अनेकदा प्राथमिक शाळेचा असल्याने बाक आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या मापाचे असतात, आणि दिवसभर उभे राहून काम केलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा गुडघे बाकाबाहेर काढून तिरका बसतो. भिंतीवर बाराखडीचे तक्ते आणि फळांची चित्रे असतात. फळ्याचा एखादा कोपरा 'पुसू नये' असे लिहून दिवसाच्या शाळेने राखून ठेवलेला असला, तर भूमितीची आकृती उरलेल्या जागेत आखावी लागते. प्रयोगशाळा आणि वाचनालय त्याच इमारतीत असूनही त्यांच्या किल्ल्या दिवसाच्या शाळेकडे असतात, त्यामुळे विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना गुण असूनही प्रयोग हाताने करण्याऐवजी वहीत उतरवून घेण्याची वेळ येते.

वेळेचे गणित याहून कठीण आहे. दिवसाची माध्यमिक शाळा साधारण पाच-साडेपाच तास भरते, रात्रशाळा तीन तास. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका मात्र दोघींना एकच. तासिका लहान कराव्या लागतात, चित्रकला, खेळ, कार्यानुभव यांना कात्री लागते, आणि गृहपाठाची कल्पनाच जवळजवळ सोडून द्यावी लागते, कारण रात्री दहानंतर घरी पोचून पहाटे पुन्हा कामावर निघणाऱ्याला घरी अभ्यासाला वेळही नसतो आणि अनेकदा जागाही नसते. दहावीला असलेला 'सामान्य गणित' हा तुलनेने सोपा पर्याय नव्या अभ्यासक्रमाबरोबर बंद झाल्याने बीजगणित आणि भूमिती आता सर्वांनाच अनिवार्य आहेत, आणि रात्रशाळेत याचा भार विशेष जाणवतो.

भुकेचा प्रश्न तर वेळापत्रकात कोठेच लिहिलेला नसतो. दुपारी दोनला जेवलेला मुलगा कामावरून थेट शाळेत येतो आणि त्याचे पुढचे जेवण रात्री साडेदहाच्या आसपास होते; शालेय पोषण आहाराची योजना मात्र आठवीपर्यंतच आहे, आणि नववी-दहावीचा कष्टकरी विद्यार्थी तिच्या बाहेर राहतो. मुंबईत २००८ पासून रात्रशाळांसाठी काम करणाऱ्या 'मासूम' या संस्थेने अल्पोपाहार, वह्या-पुस्तके आणि फिरती प्रयोगशाळा अशा गोष्टींना आपल्या कामात स्थान दिले, ते या शाळांतली गळती अभ्यासापेक्षा थकवा, भूक आणि साधनांचा अभाव यांमुळे अधिक होते हे ओळखूनच.

एवढ्या उणिवा असूनही ही शाळा टिकते याचे बरेचसे श्रेय तिच्या लहानपणाला आहे. वीस-पंचवीस जणांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाचे नाव, तो कोठे काम करतो, त्याची सुट्टी कोणत्या वारी असते आणि त्याचा पगार कोणत्या तारखेला होतो हे ठाऊक असते. सलग चार दिवस कोणी आले नाही तर दिवसाच्या शाळेत पालकांना चिठ्ठी जाते. येथे पालक गावी असू शकतात किंवा विद्यार्थी स्वतःच घरातला कर्ता असू शकतो, म्हणून शिक्षक दुकानावर फोन करतो किंवा सोबतच्या मुलाला विचारतो. उशिरा येणाऱ्याला वर्गाबाहेर उभे करण्याची शिस्त येथे चालत नाही, कारण उशीर हा आळसाचा पुरावा नसून काम उशिरा सुटल्याचा असतो. इंग्रजीच्या तासाला बिलावरचे शब्द आणि गणिताच्या तासाला पगारातली कपात ही उदाहरणे येतात, आणि रोज रोख मोजणाऱ्या मुलाला शतमान पुस्तकातल्यापेक्षा गल्ल्यावरच्या हिशेबातून लवकर समजते. वयाने मोठ्या विद्यार्थ्याला 'अहो' म्हणणारा शिक्षक आणि शिक्षकाला आपल्या कामातली अडचण मोकळेपणाने सांगणारा विद्यार्थी हे नाते मोठ्या पटाच्या शाळेत सहजासहजी जुळत नाही.

पट, निकाल आणि माप

विरोधाभास असा की जो लहान पट या शाळेचे बळ आहे, तोच प्रशासनाच्या दृष्टीने तिचा दोष ठरतो. अनुदानित शाळेत किती शिक्षक असावेत हे दरवर्षीच्या विद्यार्थिसंख्येवरून ठरवले जाते, आणि या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की शिक्षकाचे पद कमी होते, त्या पदावरचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, विषय शिकवायला माणूस उरत नाही, आणि विषय शिकवला जात नाही म्हणून पट आणखी घसरतो. त्यातच शिक्षकांचा प्रश्न स्वतंत्रपणे गुंतागुंतीचा आहे. रात्रशाळेत दीर्घकाळ दिवसा अन्य शाळेत नोकरी करणारे आणि रात्री येथे शिकवणारे, म्हणजेच 'दुबार' शिक्षक मोठ्या संख्येने असत. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने अशा दुहेरी नेमणुका बंद करून त्यांच्या जागी दिवसाच्या शाळांतील अतिरिक्त शिक्षकांना आणण्याचे धोरण जाहीर केले. एकाच व्यक्तीने दोन पगारी पदे धरू नयेत, हा युक्तिवाद प्रशासकीयदृष्ट्या समजण्यासारखा होता. परंतु वर्षानुवर्षे रात्रीच्या विद्यार्थ्याशी जुळवून घेतलेल्या शिक्षकाचा अनुभव पदाबरोबर हस्तांतरित होत नाही, ही बाजू त्यात झाकली गेली.

पट कमी होण्याची कारणे शाळेच्या भिंतींबाहेरही आहेत. कष्टकरी कुटुंबे दादर, परळ, लालबाग या भागांतून उपनगरांकडे आणि त्यापलीकडे विरार, कल्याण, नवी मुंबईकडे सरकली, तर जुन्या रात्रशाळा बहुतांशी होत्या तिथेच राहिल्या. नोकरी फोर्टात आणि घर नालासोपाऱ्यात असलेल्या मुलाने कामाजवळच्या शाळेत नाव घातले, तर साडेनऊला सुटून तो घरी पोचेपर्यंत मध्यरात्र जवळ येते. घराजवळच्या शाळेत घातले, तर संध्याकाळच्या गर्दीतून वेळेवर पोचणेच अशक्य होते. मुलींच्या बाबतीत रात्री उशिरा एकटीने परतण्याची काळजी घरच्यांच्या नकाराला पुरेशी होते.

मुक्त विद्यालय किंवा 'सतरा नंबरचा फॉर्म' हे पर्याय असताना रात्रशाळा कशाला, असाही युक्तिवाद केला जातो. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बोर्डाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसण्यासाठी भरावयाचा अर्ज. ज्याला स्वतःहून पुस्तक वाचून समजते, ज्याच्या घरी कोणी शिकलेले आहे, किंवा ज्याला शिकवणीचे पैसे परवडतात, त्याला हा मार्ग उपयोगी पडतो. पण ज्याचे शिक्षण तुटले ते मुळात कोणी शिकवणारे आणि विचारणारे उरले नाही म्हणून, त्याला परीक्षेला बसण्याची परवानगी दिल्याने शाळा मिळत नाही. रोज ठरलेल्या वेळी आपली वाट पाहणारा शिक्षक आणि आपल्यासारखेच कामावरून आलेले सोबती ही रात्रशाळेची देणगी आहे, आणि ती अर्ज भरून मिळण्याजोगी नाही.

निकालाच्या मोजणीतही असेच घडते. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात एकजण नापास झाला तर शाळेचा निकाल पाच टक्क्यांनी उतरतो, आणि तो मार्चमध्ये नोकरी गेली म्हणून नापास झाला की अभ्यास न केल्यामुळे, हे टक्केवारीत दिसत नाही. एका-दोन विषयांत राहिलेल्या विद्यार्थ्याला एटीकेटीच्या, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर अकरावीत प्रवेश मिळण्याच्या, सवलतीतून पुढे जाता येते. रात्रशाळेच्या दृष्टीने हे यशच असते, पण निकालपत्रकात त्याची नोंद अपयश म्हणून होते. शिक्षण सुटलेल्यांपैकी किती परत आले, आलेल्यांपैकी किती वर्षअखेरपर्यंत टिकले, आणि किती पुढे अकरावी, आयटीआय किंवा अधिक बऱ्या नोकरीपर्यंत पोचले, हे प्रश्न विचारले तर या शाळेचे माप वेगळे निघेल.

या साऱ्याचा कस बोर्डाच्या परीक्षेत लागतो. वर्षभर संध्याकाळी भरणाऱ्या या शाळेच्या विद्यार्थ्याला बोर्डाचे पेपर सकाळी अकरा वाजता द्यावे लागतात, आणि ते काही आठवडे विखुरलेले असल्याने प्रत्येक पेपराला कामावरून रजा काढावी लागते. पगारी रजा मिळणारी नोकरी यांपैकी फार थोड्यांना असते. म्हणून परीक्षा जवळ आली की मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांचे एक काम वाढते: परीक्षेचे वेळापत्रक जोडून मालकांना पत्रे लिहिणे, फोनवर विनवणी करणे, आणि एखाद्या दुकानातली दोन मुले एकाच वर्गात असतील तर दोघांचीही सोय लावणे. काही मालक सुट्टी देतात, काही पैसे कापून देतात, आणि काही दुसरा मुलगा शोधतात. परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक बैठक क्रमांक तपासून सही घेतो, तेव्हा त्या विद्यार्थ्याची एका पटावर हजेरी लागलेली असते आणि त्याच वेळी दुसऱ्या पटावर खाडा पडलेला असतो. दहावीचा तो प्रत्येक पेपर त्याने एका दिवसाच्या मजुरीला विकत घेतलेला असतो, आणि गुणपत्रिकेवर ही किंमत लिहिण्यासाठी रकाना नसतो.